विश्लेषण : सगळी अमेरिका जिच्या घरात डोकावत होती, त्या ‘ल्युसी’चे खरे घर कसे होते?

१९ जानेवारी १९५३ हा सोमवार होता. सकाळी लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात अभिनेत्री ल्युसिल बॉल यांना मुलगा झाला. त्याच रात्री टेलिव्हिजनवर, ‘आय लव्ह ल्युसी’ या विनोदी मालिकेत, त्यांनीच साकारलेल्या ल्युसी रिकार्डोलाही मुलगा झाला. हा भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे नवे अध्यक्ष आयसेनहॉवर यांचा शपथविधी होता. तो पाहणाऱ्यांची संख्या होती सुमारे २ कोटी ९० लाख! नवरा-बायकोची भांडणे आणि बाळाचे आगमन यावरची एक मालिका देशाच्या अध्यक्षांनाही भारी पडली होती. ज्या बाईमुळे हे घडले, तिचा स्वतःचा संसार मात्र पुढच्या सात वर्षांत मोडला. काय होती ही गोष्ट?

कोण होत्या ल्युसिल बॉल?

ल्युसिल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन या गावी झाला. वडील टेलिफोनच्या तारा ओढण्याचे काम करत. १९१५ मध्ये विषमज्वराने ते गेले, तेव्हा ल्युसिल साडेतीन वर्षांची होती आणि आई गरोदर होती. त्या दिवशी घरात शिरलेला पक्षी तिच्या मनात असा काही रुतून बसला, की पुढे आयुष्यभर तिला पक्ष्यांची चित्रेही खोलीत चालत नसत. काही वर्षांनी आईने दुसरे लग्न केले आणि काही काळ ल्युसिलला सावत्र वडिलांच्या आईवडिलांकडे राहावे लागले. ते कमालीचे कर्मठ. घरात आरसा एकच, तोही न्हाणीघरात. त्यात स्वतःला निरखताना ही मुलगी सापडली, तर तिला बोलणी बसत.

पुढे आईच्या वडिलांच्या, म्हणजे फ्रेड हंट यांच्या घरी, सेलोरॉन या तळ्याकाठच्या वस्तीत तिला जरा मोकळा श्वास मिळाला. आजोबा हौशी. नातवंडांना नाटके, तमाशे दाखवायला नेणारे. पण १९२७ मध्ये त्यांच्या अंगणात नेमबाजीचा सराव सुरू असताना शेजारच्या मुलाला चुकून गोळी लागली आणि तो अपंग झाला. देखरेख आजोबांची होती, म्हणून जबाबदारीही त्यांचीच ठरली. त्यात राहते घर गेले. वडील, मग घर, असे एकेक हातातून निसटत गेलेल्या या मुलीला पुढे आयुष्यभर एकाच गोष्टीची ओढ राहिली. आपल्या माणसांना एका छपराखाली धरून ठेवायचे!

यश इतके उशिरा का मिळाले?

पंधराव्या वर्षी ल्युसिल न्यूयॉर्कला नाट्यशाळेत दाखल झाल्या. तिथे बेटी डेव्हिससारखी मुलगी त्यांच्याबरोबर शिकत होती. ल्युसिल बुजऱ्या होत्या. या मुलीत काही दम नाही, असे सांगून शाळेने त्यांना घरी पाठवले. मग त्यांनी मॉडेलिंग केले. ऐन उमेदीत सांधेदुखीच्या आजाराने गाठले आणि दोनेक वर्षे त्यातच गेली. १९३३ मध्ये त्या हॉलीवूडला पोहोचल्या, त्या ‘रोमन स्कँडल्स’ या चित्रपटातल्या नाचणाऱ्या मुलींपैकी एक म्हणून. त्यानंतर आरकेओ या स्टुडिओत छोट्या भूमिका, मग जरा मोठ्या भूमिका, मग एमजीएम. तिथेच त्यांचे केस लाल रंगवले गेले आणि ती त्यांची कायमची ओळख झाली.

पण मोठे यश हुलकावणी देतच राहिले. कमी खर्चाच्या, जोडचित्रपट म्हणून दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांची राणी अशी त्यांची ख्याती झाली. चाळिशी जवळ आली होती. त्या काळच्या हॉलीवूडमध्ये नायिकेसाठी हे वय म्हणजे निरोपाची वेळ. ल्युसिल यांची खरी सुरुवात मात्र इथूनच झाली.

नवरा तोच हवा, हा हट्ट कशासाठी?

१९४० मध्ये ‘टू मेनी गर्ल्स’ या चित्रपटाच्या वेळी त्यांची गाठ देसी आर्नाझ यांच्याशी पडली. देसी क्युबाचे. वडील सँटियागो शहराचे महापौर होते. १९३३ च्या क्रांतीत सगळी मालमत्ता गेली आणि हे कुटुंब मायामीला आले. देसी गाणारे, ढोल वाजवणारे, देखणे आणि ल्युसिल यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला दोघांनी पळून जाऊन लग्न केले.

लग्नानंतर दोघांची गाठ मात्र पडेना. देसी आपला वाद्यवृंद घेऊन गावोगाव फिरत, ल्युसिल स्टुडिओत. पहाटे एक घरी परतायचा तेव्हा दुसरी कामाला निघायची. १९४४ मध्ये ल्युसिल यांनी घटस्फोटाचा अर्जही केला, मग तडजोड झाली. मूल हवे होते, पण गर्भपात होत होते.

१९४८ पासून सीबीएस रेडिओवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ ही ल्युसिल यांची विनोदी मालिका गाजू लागली. ती टेलिव्हिजनवर आणू या, असे सीबीएसने सुचवले. ल्युसिल यांनी अट घातली, की पडद्यावरचा नवरा देसीच असेल. स्पॅनिश वळणाचे इंग्रजी बोलणारा क्युबन माणूस गोऱ्या अमेरिकी बाईचा नवरा म्हणून लोकांना पटणार नाही, असे वाहिनीचे म्हणणे होते. हे दोघे दहा वर्षे खरोखरचे नवरा-बायको होते, तरी! मग १९५० मध्ये दोघांनी मिळून रंगमंचावर प्रयोग केले, गावोगाव दौरा केला. प्रेक्षक पोट धरून हसले आणि सीबीएसला माघार घ्यावी लागली.

या हट्टामागचे कारण कलेपेक्षा घरगुती होते. नवरा एकाच ठिकाणी काम करेल, संध्याकाळी घरी येईल, संसार टिकेल. संसाराची गोष्ट सांगणारी ही मालिका मुळात संसार वाचवण्यासाठी सुरू झाली.

‘आय लव्ह ल्युसी’मध्ये होते तरी काय?

१५ ऑक्टोबर १९५१ रोजी पहिला भाग प्रसारित झाला. मॅनहॅटनमधले एक साधे भाड्याचे घर. नवरा रिकी रिकार्डो क्लबमध्ये वाद्यवृंद चालवतो. बायको ल्युसी गृहिणी आहे, पण तिला घरात करमत नाही. तिला रंगमंचावर जायचे आहे, पैसे कमवायचे आहेत, नवऱ्याच्या झगमगत्या दुनियेत शिरायचे आहे. शेजारी घरमालक जोडपे फ्रेड आणि एथेल मर्ट्झ. ल्युसी दर आठवड्याला एक नवा बेत रचते, एथेलला त्यात ओढते आणि सगळे अंगाशी येते.

चॉकलेटच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून गोळ्या इतक्या वेगाने येऊ लागतात, की ल्युसी आणि एथेल त्या तोंडात, टोपीत, पोलक्यात कोंबू लागतात. हा १९५२ चा प्रसंग आजही मोबाइलवर फिरतो. टॉनिकची जाहिरात करता करता त्यातल्या मद्यार्काने झिंगलेली ल्युसी असो, की इटलीत द्राक्षे तुडवताना कुस्ती खेळणारी ल्युसी, हे सारे उत्स्फूर्त वाटते. प्रत्यक्षात ल्युसिल यांचा एकेक हावभाव पुन्हा पुन्हा तालीम करून घोटलेला असे. जेस ओपेनहायमर, मॅडेलिन प्यू आणि बॉब कॅरोल हे लेखक त्यांना लाभले, हे त्या स्वतःही मानत.

आजच्या नजरेतून काही गोष्टी खटकतात. रिकी कधी कधी बायकोला लहान मुलीसारखी शिक्षा करतो, मारतोही, आणि त्यावर हशा पिकतो. प्रत्येक भागाच्या शेवटी ल्युसी हरते आणि स्वयंपाकघरात परतते. मात्र पुढच्या सोमवारी ती पुन्हा बाहेर पडायची. युद्धकाळात कारखान्यांत काम करून पुन्हा घरी बसवल्या गेलेल्या लाखो अमेरिकी बायका तेव्हा ही मालिका पाहत होत्या. ल्युसीची धडपड त्यांना अनोळखी नव्हती.

तीन कॅमेरे आणि एका कराराने काय बदलले?

त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित होत. इतर भागांसाठी टेलिव्हिजनच्या पडद्यावरच कॅमेरा रोखून चित्रण केले जाई. ती प्रत अगदीच धूसर असे. ल्युसिल आणि देसी यांना लॉस एंजेलिसचे घर सोडायचे नव्हते. प्रायोजक असलेल्या सिगारेट कंपनीला मात्र पूर्वेकडच्या मोठ्या बाजारपेठेत चित्र स्वच्छ दिसायला हवे होते.

देसी यांनी मार्ग काढला. मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर, समोर प्रेक्षक बसवून, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी चित्रित करायची. ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन चित्रपटाचे छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांना त्यांनी सोबत घेतले. कॅमेरा कुठेही फिरला तरी चालेल, अशी सपाट आणि एकसारखी प्रकाशयोजना फ्रॉइंड यांनी बसवली. असे प्रयोग त्याआधीही झाले होते, पण विनोदी मालिकांची रूढ पद्धत म्हणून ते रुजले ते इथून. प्रेक्षकांच्या खऱ्या हशासह दिसणाऱ्या अनेक मालिका आजही याच पद्धतीने बनतात.

फिल्मचा खर्च जास्त होता. म्हणून दोघांनी आपल्या मानधनात कपात मान्य केली आणि बदल्यात भागांची मालकी ‘देसिलू’ या स्वतःच्या कंपनीकडे ठेवली. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, असा तेव्हाचा समज होता. पण ल्युसिल बाळंतपणासाठी दूर असताना जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि लोकांनी ते आनंदाने पाहिले. पुनःप्रसारणाच्या मोठ्या व्यवसायाचे मूळ इथे शोधले जाते. पुढे हे हक्क सीबीएसला विकले गेले. १९५७ मध्ये देसिलूने आरकेओचा स्टुडिओच विकत घेतला. जिथे ल्युसिल कधी किरकोळ भूमिकांसाठी ताटकळल्या आणि जिथे त्यांना देसी भेटले, तीच ही जागा.

‘गरोदर’ या शब्दाचे वावडे का होते?

पहिली मुलगी ल्युसी हिचा जन्म १७ जुलै १९५१ चा. म्हणजे मालिका सुरू होण्याच्या तीन महिने आधी, ल्युसिल यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर. वर्षभरातच त्यांना पुन्हा दिवस गेले. तेव्हाचा रिवाज म्हणजे मालिका बंद करा किंवा नायिकेला टेबलामागे, खुर्चीमागे उभे करून पोट लपवा. पडद्यावर नवरा-बायकोच्या खाटाही वेगवेगळ्या असत. तिथे वाढलेले पोट दाखवायचे कसे?

देसी यांनी हे गर्भारपण कथेतच आणायचे ठरवले. वाहिनी बिचकली, प्रायोजकही. देसी यांनी थेट सिगारेट कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिले आणि त्यानंतर विरोध मावळला. तरी ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारायला बंदीच राहिली. संबंधित भागाच्या नावात त्यासाठी फ्रेंच शब्द वापरला गेला. आपल्याकडे ‘गोड बातमी आहे’ म्हणून वेळ मारून नेतात, तसाच हा प्रकार. काही वावगे नको म्हणून एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बी अशा तिघांकडून संहिता तपासून घेतल्या जात.

अमेरिकी टेलिव्हिजनवर गर्भारपण प्रथमच इथे दिसले, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. १९४८ मध्ये ‘मेरी के अँड जॉनी’ या मालिकेत ते येऊन गेले होते. पण तेव्हा टेलिव्हिजन संचच फार थोड्या घरांत होते. ‘ल्युसी’मुळे मात्र साऱ्या देशाने एका बाईचे डोहाळे, धास्ती आणि नवऱ्याची तारांबळ उघडपणे पाहिली. नवऱ्याला बातमी सांगण्याचा प्रसंग चित्रित होताना दोघांच्याही डोळ्यांत खरे पाणी आले. आधीचे गर्भपात त्यांनी एकत्र सोसले होते. दिग्दर्शकाने तो प्रसंग पुन्हा चित्रित करायचे ठरवले, पण समोरच्या प्रेक्षकांनी नको म्हटले. आजही आपण तेच चित्रण पाहतो.

कम्युनिस्ट असल्याचा आरोप काय होता?

बाळाच्या कौतुकाला वर्षही झाले नव्हते, तोच संकट उभे राहिले. १९३६ मध्ये ल्युसिल यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या मतदार म्हणून नोंदणी केली होती. कारण एकच, समाजवादी विचारांच्या आजोबांचा आग्रह. १९५३ च्या अमेरिकेत एवढ्यावरून माणसे आयुष्यातून उठत होती. ४ सप्टेंबरला संसदीय समितीच्या तपासनीसासमोर त्यांची जबानी झाली. दोन दिवसांनी एका प्रसिद्ध रेडिओ निवेदकाने नाव न घेता बातमी फोडली.

११ सप्टेंबरला नव्या भागाचे चित्रीकरण होते. ते सुरू होण्यापूर्वी देसी प्रेक्षकांसमोर आले. क्युबातून परागंदा झालेला माणूस आपल्या बायकोची बाजू मांडत होता. हिच्यात लाल म्हणावे असे फक्त केस आहेत, आणि तेही अस्सल नाहीत, अशा अर्थाचे काही बोलून त्यांनी ताण मोडला. प्रेक्षक उभे राहिले. प्रायोजकाने हात काढला नाही, मालिकेची लोकप्रियताही घटली नाही. ज्या काळात अनेक कलावंत कायमचे देशोधडीला लागले, त्या काळात ल्युसिल वाचल्या त्या बऱ्याच अंशी चाहत्यांमुळे.

खरा संसार का मोडला?

मे १९५७ मध्ये अर्ध्या तासाच्या भागांची मालिका थांबली, तेव्हाही ती पहिल्या क्रमांकावर होती. नंतर तीन वर्षे तासाभराचे विशेष भाग झाले. देसिलू वाढत होती आणि तिचा भार देसी यांच्यावर होता. त्यांचे मद्यपान आणि बाहेरचे संबंध वाढत गेले. त्यांनी पुढे आत्मचरित्रातही हे झाकून ठेवले नाही. एकत्र राहता यावे म्हणून सुरू केलेल्या कामानेच घर खाल्ले.

मार्च १९६० मध्ये शेवटच्या भागाचे चित्रण झाले. सेटवर दोघे एकमेकांशी धड बोलतही नव्हते. संहितेनुसार शेवटी रिकी आणि ल्युसी चुंबन घेतात. ते त्यांनी घेतले. दुसऱ्या दिवशी ल्युसिल यांनी घटस्फोटाचा अर्ज दाखल केला. रिकार्डो आणि आर्नाझ ही दोन वेगळी घरे आहेत, हे चाहत्यांना पचायला जड गेले. पडद्यावरचे आडनाव वेगळे असले, तरी माणसे तीच, बाळही त्याच दिवशी झालेले. मग संसार खोटा कसा?

मालकीण म्हणून ल्युसिल कशा होत्या?

१९६१ मध्ये त्यांनी विनोदी कलावंत गॅरी मॉर्टन यांच्याशी लग्न केले आणि ते अखेरपर्यंत टिकले. १९६२ मध्ये त्यांनी देसी यांचा हिस्सा विकत घेतला. मोठा टेलिव्हिजन स्टुडिओ चालवणारी हॉलीवूडमधील पहिली महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पडद्यावर दर आठवड्याला नोकरीत अपयशी ठरणारी बाई प्रत्यक्षात शेकडो लोकांना पगार देत होती.

संचालकांचा खर्चापायी विरोध असताना त्यांनी ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन : इम्पॉसिबल’ या मालिकांची पाठराखण केली. दोन्ही १९६६ मध्ये सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी देसिलू १ कोटी ७० लाख डॉलरना विकली. १९६८ च्या ‘हिअर्स ल्युसी’मध्ये त्यांच्या दोन्ही मुलांनी पडद्यावरही त्यांची मुले म्हणून काम केले. पुन्हा तेच, सगळ्यांना एका छपराखाली आणायचे!

मुंबईशी धागा कोणता?

१९६८ मध्ये ल्युसिल आणि हेन्री फोंडा यांचा ‘युअर्स, माइन अँड अवर्स’ हा चित्रपट आला. आठ मुलांची विधवा आई आणि दहा मुलांचा विधुर बाप लग्न करतात, ही त्याची कथा. याच कल्पनेवरून बासू चटर्जी यांनी १९७८ मध्ये ‘खट्टा मीठा’ केला. अशोक कुमार आणि पर्ल पदमसी यांचे ते मुंबईतले पारशी घर आपल्याकडच्या अनेकांनी मनापासून आपलेसे केले. ‘ल्युसी’ कधीही न पाहिलेल्या मराठी प्रेक्षकापर्यंत तिच्या घराची ऊब अशी आडवाटेने पोहोचली.

चाहत्यांनी म्हातारपण का नाकारले?

१९८६ मध्ये ‘लाइफ विथ ल्युसी’ घेऊन ७५ वर्षांच्या ल्युसिल परतल्या. आजी झालेली ल्युसी शिडीवर चढते, पडते, धडपडते. लोकांना हसू येण्याऐवजी काळजी वाटू लागली. १३ भाग तयार होते, ८ दाखवून मालिका बंद झाली. घराघरांत तरुण ल्युसी पुनःप्रसारणात रोज भेटत असताना म्हाताऱ्या ल्युसीला कोण बोलावणार? ज्या पुनःप्रसारणाने त्यांना अमर केले, त्यानेच त्यांची जागा घेतली. ल्युसिल यांना हे फार लागले.

त्याच वर्षी २ डिसेंबरला देसी कर्करोगाने गेले. पाच दिवसांनी केनेडी सेंटरचा सन्मान स्वीकारायला ल्युसिल सभागृहात बसल्या होत्या. तिथे देसी यांनी आधी लिहून ठेवलेला मजकूर वाचून दाखवण्यात आला. मालिकेच्या यशाचे जवळजवळ सारे श्रेय त्यांनी ल्युसिल यांना दिले होते. २६ एप्रिल १९८९ रोजी, महाधमनी फुटून, वयाच्या ७७ व्या वर्षी ल्युसिल यांचे निधन झाले.

एका पुतळ्यावरून वाद का झाला?

२००९ मध्ये सेलोरॉनच्या बागेत त्यांचा पुतळा बसवला गेला. तो इतका भेसूर होता, की चाहत्यांनी मोहीमच उघडली. अखेर ६ ऑगस्ट २०१६ रोजी, त्यांच्या १०५ व्या जन्मदिनी, नवा आणि हसरा पुतळा उभा राहिला. जुनाही त्याच बागेत आहे आणि लोक दोघांशेजारी उभे राहून छायाचित्रे काढतात. जेम्सटाउनमध्ये या जोडप्याच्या नावाने संग्रहालय आहे. तिथे रिकार्डोंच्या घराचा सेट पुन्हा उभारला आहे. खऱ्या आर्नाझ कुटुंबाला फार काळ न लाभलेल्या त्या दिवाणखान्यासमोर चाहते आजही थांबतात.

आणि ल्युसिल? त्यांच्या अस्थी आधी लॉस एंजेलिसमध्ये होत्या. २००२ मध्ये मुलांनी त्या जेम्सटाउनला, लेक व्ह्यू दफनभूमीत नेल्या. तिथे त्यांची आई आहे, लहानपणीच गेलेले वडील आहेत. आपली माणसे एकत्र असावीत, ही त्यांची ओढ शेवटी मुलांनी पुरी केली.